छोट्या तोंडाचे डॉलर

त्या आठवड्यात ओव्हिदियोने मला वेड लावायचंच बाकी ठेवलं होतं. सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं की हा हजर. कंगवे उचल, ठेव. नळ सोड, बंद कर. दारात जाऊन रस्ता बघ, परत आत ये. माझ्यासमोर डोकं ओलं करून बसलेली बाई आरशातून त्याच्याकडे टकमक बघायची.

"अरे, बस की एका जागी!" मी म्हणायचे. "मातेचा कडू चहा पी, नाहीतर घरी जा."

"घरी जाऊन काय करू? घरी ती खुर्ची आहे."

तर त्या खुर्चीचं आधी सांगते. ओव्हिदियो स्कार्पोने म्हणजे शहराला लागून असलेल्या आमच्या लानुसमधला खुर्च्या-सोफे शिवणारा मेस्त्री. वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, आणि जिभेवर ताबा नाही. चौऱ्याण्णव साली बापाचं घर विकून त्याच्या हातात डॉलर आले. ते त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळले, हिरव्या आरामखुर्चीच्या बैठकीत शिवून टाकले आणि वर बसला तो बसलाच.

पेसोवर, म्हणजे आमच्या देशी नोटांवर, त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याचं चुकलं असं इथे कोण म्हणेल? आमच्या नोटांवर आधी वीर होते. मग वीर काढून देवमासा आणि जग्वार आणले. आता परत वीर आलेत. नवी नोट निघाली की टीव्हीवर सांगतात, उजेडात धरून आतला चेहरा बघा, तिरपी करून शाईचा रंग बघा, बोट फिरवून खडबड बघा. आम्ही बघतो. बघेपर्यंत नोट अर्ध्या किमतीची होते. "आतून कितीही दोरे घाला," ओव्हिदियो म्हणायचा, "शिवण पक्की आणि गादीत भुसा! खोट्या नोटा छापणाऱ्यालासुद्धा परवडत नाही आता."

दोन हजार एकला बँकांनी लोकांचे डॉलर दाबून ठेवले. सगळी गल्ली रस्त्यावर पातेली बडवत होती आणि हा हिरव्या खुर्चीत मिशीतल्या मिशीत हसत बसला होता. तेव्हाच त्याने जाहीर केलं, "कारखान्याची भाड्याची जागा माझ्या नावावर होईल त्या दिवशी ही शिवण उसवेन. तोवर कोणी हात लावला तर टाका बघूनच ओळखेन मी."

"एल्सिराने लावला तर?" मी विचारलं.

"तिने तर मुळीच नाही लावायचा."

एल्सिरा त्याची बायको. पडदे आणि झगे शिवायची. डावखुरी होती आणि बोलणं अगदी मोजकं. एकदाच माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, "ओव्हिदियो, छोट्या तोंडाचे डॉलर म्हणे आता कोणी घ्यायला बघत नाही. नव्या नोटेवर तोंड मोठं आहे. आपले बदलून आणूया का?" हा चार गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर गरजला, "डॉलर म्हणजे डॉलर! तुला शिलाईतलं कळतं, पैशातलं नाही." तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

आता तिच्या शुक्रवारांचं ऐका. माझं दुकान त्याच्या कारखान्यापासून दोन वळणं पुढे, बसथांब्यासमोर. दर शुक्रवारी ती दारात यायची. "मिर्ता, या आठवड्याला केसांचे किती?" भाव दर आठवड्याला चढायचा. मी सांगायचे, ती जाऊन नवऱ्याकडून तेवढे पैसे घेऊन यायची आणि म्हणायची, "दोनदा स्प्रे मार ग." मी मारायचे. मग दुकानाचा वास अंगावर घेऊन, पर्स काखेत दाबून ही बाई बसमध्ये चढायची ती संध्याकाळी परत. केसाला कात्री नाही की रोलर नाही! फुकट करते म्हटलं तरी बसायची नाही. "घाई आहे ग," म्हणायची.

मला काय वाटणार? वाटलं, शहरात कोणीतरी आहे. असेना का! त्या तोंडाळ माणसाबरोबर जन्म काढला, तिलाही कुठे दोन घटका सुख नको? मी तोंडाला कुलूप लावलं. आणि हा शहाणा येऊन उलट मलाच सुनवायचा, "मिर्ता, किती लुटशील माझ्या बायकोला! जाते तशीच परत येते. पैसे पाण्यात नुसते."

दोन हिवाळ्यांमागे एल्सिरा न्यूमोनियाने गेली. शवपेटीत तिचे केस मी केले. पहिल्यांदाच.

यंदा कारखान्याचा जागामालक वारला आणि त्याचा मुलगा गिदो जागा विकायला निघाला. ओव्हिदियोने होतं नव्हतं ते विकून बयाणा दिला, गुरुवारी कागद करायचे ठरले. सोमवारी गिदो आला आणि जाता जाता म्हणाला, "मेस्त्री, एक सांगायचं राहिलंच. मोठ्या तोंडाचेच आणा हं. छोटी तोंडं मी घेणार नाही."

"का? चलनातून गेले की काय ते?"

"मला पुढे कोणी घेत नाही म्हणून. जमत नसेल तर सांगा, पिझ्झावाला थांबलाय. बयाणा मात्र परत मिळायचा नाही."

झालं! ओव्हिदियोची झोप उडाली ती तेव्हापासून. खुर्चीतले सगळे डॉलर चौऱ्याण्णवचे, म्हणजे झाडून सगळे छोट्या तोंडाचे. मंगळवारी मला ओढत शहरात घेऊन गेला. तिथे परवान्याशिवाय डॉलर बदलणारी दुकानं आहेत, आम्ही त्यांना गुहाच म्हणतो. घड्याळांच्या दुकानामागे पहिली गुहा. काचेमागे च्युइंगम चघळणारा पोरगेला माणूस.

"छोटं तोंड?" तो हसला. "आजोबा, संग्रहालयात द्या ना."

"तोच माणूस आहे ना नोटेवर? फोटो मोठा केला म्हणून माणूस मोठा होतो काय?"

"निळी पट्टी आहे का त्यावर? नोट हलवली की आतली घंटा हलते, ती? नाही ना? गिऱ्हाईक पट्टी मागतं, मी काय करू? घ्यायचेच तर पाचवा हिस्सा कापून घेईन."

दुसऱ्या गुहेत चौथा हिस्सा. तिसऱ्यात तर मान हलवून दारच लावून घेतलं. एवढं कापून घेतलं तर जागेचे पैसे पुरत नव्हते. जागा जाणार, बयाणा जाणार, आणि चाळीस वर्षं जिथे सुई चालवली तिथे पिझ्झे भाजणार. परतताना तो बसमध्येही बसला नाही. दांडी धरून उभा, या पायावरून त्या पायावर.

बुधवारी दुपारी दारातूनच ओरडला, "चल मिर्ता. उसवूया. निदान ओल तरी लागली नाही ना बघू. मला एकट्याने होत नाही."

घरी त्याने खुर्ची उलटी केली, गुडघ्यांवर बसला आणि उसवणी लावली. लावली आणि थांबला.

"मिर्ता."

"काय रे?"

"हा टाका माझा नाही."

"लुटलं! लुटलं मला!" म्हणत त्याने कापड टराटरा फाडलं. आत हात घातला. प्लास्टिकचं पुडकं होतं तिथेच. घाईघाईने सोडलं, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. मोठी तोंडं! काही जरा जुनी, बाकीच्यांवर निळी पट्टी. मी एक हलवून पाहिली, घंटा हलली. गठ्ठाच्या गठ्ठा तसा. फक्त सगळ्यात खाली तीन नोटा छोट्या तोंडाच्या.

"चोर येऊन चांगले ठेवून गेला?" तो वेड्यासारखा म्हणाला.

मी त्या शिवणीकडे बघत होते. टाके उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे.

"शुक्रवार," मी म्हणाले. "ओव्हिदियो, एल्सिरा माझ्याकडे केस करायला कधी आलीच नाही रे." मग सगळं सांगितलं. भाव विचारायची ते, स्प्रे, बस. तो जे पैसे पाण्यात म्हणत होता, त्यातूनच ती गुहांनी कापलेला हिस्सा भरून काढत होती. एकेक नोट नेत होती ती, सवडीने, वर्षानुवर्षं. ह्याच्या शब्दाला धक्का न लावता.

तो जमिनीवरच बसला.

"रोज बसलो मी ह्या खुर्चीवर," म्हणाला. "उसवलेलं मला कळलं नाही. आणि मी तिला म्हणालो, तुला पैशातलं कळत नाही."

"तू तेवढंच म्हणालास. मी तर तिला यार चिकटवला होता," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

गुरुवारी कागद झाले. गिदोने एकेक नोट जांभळ्या दिव्याखाली धरली, एकही खोटी निघाली नाही. तीन छोटी तोंडं त्याने बाजूला सारली. तेवढी भर मी माझ्या डब्यातून घातली आणि ओव्हिदियोने ती तीन खिशात टाकली.

शुक्रवारी एल्सिराच्या वेळेला हा दारात उभा. दाढी केलेली, लग्नातला कोट.

"मिर्ता, या आठवड्याला केसांचे किती?"

"तुझ्या टकलावर आहे काय करायला?"

"किती ते सांग."

मी आकडा सांगितला. त्याने तेवढे पेसो मोजून वेगळ्या खिशात ठेवले आणि त्यांच्याजवळ एक छोट्या तोंडाची नोट.

"एकच नेतोस? तिन्ही ने की, एका खेपेत काम होईल."

"ती एकेकच न्यायची ना?" तो म्हणाला. दाराशी जाऊन घुटमळला. "आणि ते... दोनदा मारायचीस ना तू?"

मी त्याच्या कोटाच्या कॉलरवर दोनदा स्प्रे मारला. समोर बस येत होती. तो धावत सुटला.