जोड बघणारे आप्पामामा

लातूरहून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "ताई, आप्पा गेले. चारला माती हाय, या," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला. आधी दुःख झालं नाही, आधी लाज वाटली. आठ महिने मी माझ्या सख्ख्या मामांना फोन केला नव्हता. आता नांदेडहून जायचं ते त्यांच्याशी बोलायला नव्हे, मूठभर माती टाकायला... गाडीत माझी मुलगी मुक्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

आप्पामामा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. मुक्ता खेळायची ते टेनिस त्यांनी जन्मात खेळलं नव्हतं. रॅकेट धरायचे ती उलथन्यासारखी. पण रेणापूरकडच्या जत्रांमध्ये कुस्त्यांची जोड लावायला त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, खांदे चाचपायचे, वय विचारायचं आणि मग सांगायचं, ही जोड होते की नाही. सुरुवातीच्या कुस्त्या बारक्या पोरांच्या, जिंकेल त्याला नारळ. शेवटच्या मानाच्या कुस्तीपेक्षा मामांना या नारळाच्या कुस्त्यांचीच काळजी जास्त. "मोठा पैलवान पडला तर उद्या उठतंय," ते म्हणायचे, "बारकं पोरगं वाईट पडलं की परत तालमीत येत न्हाई."

मुक्ता आठव्या वर्षी टेनिस खेळायला लागली आणि तिला कोणत्या स्पर्धेला न्यायचं हा घोळ सुरू झाला. दहा वर्षांखालच्या, बाराखालच्या, चौदाखालच्या. जिल्ह्याच्या, विभागाच्या, मानांकनाच्या... नवऱ्याने हात वर केले, म्हणून मी मामांना विचारलं. त्यांचा प्रश्न एकच असायचा, "तिथं हिच्या जोडीच्या किती पोरी येतेत?" लातूर, परभणी, उदगीर अशा जवळपासच्या छोट्या स्पर्धा त्यांनी निवडल्या. स्वतः एसटीने यायचे. स्कोअर विचारायचे नाहीत. मुक्ता हरली की तिच्या शेजारी बसून म्हणायचे, "हिच्यासंगं परत खेळशील का?" ती नाक ओढत म्हणायची, "हो, उद्याच." मग मामा माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवायचे. तीन वर्षं असं थोडं जिंकत, थोडं हरत गेली, आणि सकाळी कोर्टवर जायला पोरगीच मला उठवायची.

घाई झाली ती मला. मुक्ताच्या बरोबरीची एक मुलगी पुण्याला शिकायला गेली, तिच्या आईने करंडकांचे फोटो टाकले आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी अकरा वर्षांच्या मुक्ताचं नाव पुण्याच्या चौदाखालच्या मानांकन स्पर्धेत घातलं. कळल्याबरोबर मामा घरी आले. "बाई, काय करलालीस? ही जोड न्हाई. एक वर्ष थांब." जिभेला हाड नसतं ते असं... मी म्हणाले, "मामा, तुमच्या नारळाच्या कुस्त्या किती दिवस खेळवायच्या तिला? जत्रेच्या बाहेरचं काही बघितलंय का तुम्ही?" मामांनी चहा संपवला. कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. "तुझी पोरगी हाय, तू बघ," म्हणाले आणि चपला घातल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

पुण्यात सहा-शून्य, सहा-शून्य. समोरची मुलगी वीतभर उंच. तिची सर्व्हिस मुक्ताला दिसतच नव्हती. शहाण्याने तिथे थांबावं. मी तिला सोलापूरला नेलं, मग हैदराबादला. "अनुभव मिळतो" हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत होते. हैदराबादला मॅचआधी तिला उलट्या झाल्या, तर मी म्हणाले, बाहेरचं खाणं बाधलं असेल. तिथेही ती हरली, तेव्हा मी मामांचाच प्रश्न विचारून पाहिला. परत खेळशील का हिच्याशी? तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला कोणाशीच खेळायचं नाही," म्हणाली, आणि त्यानंतर तिने रॅकेट हातात घेतली नाही. मामांना "तुमचं बरोबर होतं" एवढं सांगायला मला आठ महिने पुरले नाहीत. वाटायचं, आधी ती परत खेळायला लागू दे, मग करू फोन. म्हणजे तेव्हासुद्धा मला हरून त्यांच्यापुढे जायचं नव्हतं.

माती झाल्यावर मामींनी मला जवळ बसवून घेतलं. "तुझ्यावर राग न्हवता त्यांचा, बाई. पोरगी खेळती का, एवढंच इचारायचे आल्यागेल्याला," म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावला. 

याला आता पाच आठवडे झाले. परवा मुक्ता मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. उदगीरच्या एका छोट्या स्पर्धेचा फॉर्म उघडलेला होता. यादीतल्या मुलींची नावं तिने आधीच वाचली होती, त्यांतल्या दोघींकडून ती पूर्वी हरली होती. "एवढा भरून दे," म्हणाली. मी हरखून गेले. "अगं, मग शनिवारीच निघू आपण!"

"आपण नाही. लातूरहून मामीआजी येणार आहे, मी विचारलंय तिला," मुक्ता म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू येऊ नकोस, आई."

फॉर्ममध्ये सोबत येणाऱ्याचं नाव लिहायची एक जागा होती. तिथे मी मामींचं नाव लिहिलं.