शहाणीचा उजवा मागचा पाय

आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली नालबाईंचं दुकान होतं. दुकानाला पाटी कधीच नव्हती. दारात ऐरण, आत भट्टी आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले लहानमोठे नाल, एवढ्यावर ज्याला कळायचं त्याला कळायचं. घोड्यांना नाल ठोकण्याचं काम बाई वडिलांकडून शिकल्या होत्या. नवरा शिंपी, फार मवाळ माणूस. "आमच्या घरात सुई त्यांच्या हातात आणि हातोडा माझ्या," असं त्या हसून सांगायच्या. तो गेल्यावर घरात त्या, मुलगा आणि सून अशी तिघं उरली. मुलगा कामासाठी बहुतेक बाहेरगावी असे, त्यामुळे घर म्हणजे सासू-सून, आणि दोघींच्या जिभा सारख्याच धारदार.

बाईंना कधी ओरडताना मी ऐकलं नाही. पण त्या काही विसरतही नसत. एका दूधवाल्याने एकदा त्यांना पातळ दूध घातलं होतं. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली, तरी तो समोरून आला की बाई आभाळाकडे पाहून म्हणायच्या, "काय बाई हे पाणी! थांबायचं नाव नाही." आणि बाहेर रखरखीत ऊन असायचं.

शहाणी ही त्यांची घोडी. तपकिरी रंगाची, कपाळावर नाण्याएवढा पांढरा ठिपका. छोट्या गाडीला तिला जुंपून बाई आसपासच्या तबेल्यांवर कामाला जात. बाईंच्या वडिलांची नाल ठोकायची एक पद्धत होती. बाकीचे कारागीर आधी पुढचे दोन पाय करतात, मग मागचे. यांच्या घरात घोड्याभोवती गोल फिरून काम करायचं: डावा पुढचा, डावा मागचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. उगाच मागे-पुढे पळापळ नको, म्हणून. प्रत्येक पायाआधी ऐरणीवर तीन ठोके द्यायचे. अकरा वर्षांत शहाणी इतकी सरावली होती की तीन ठोके ऐकले की ती आपणहून पाय उचलून धरी, आणि क्रम कधी चुकत नसे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पाढ्यांत यापेक्षा जास्त चुकायची.

पुढे बाईंचे गुडघे गेले. बाहेरची कामं थांबली. नुसती उभी राहून जनावर बिघडतं, म्हणून काळजावर दगड ठेवून त्यांनी शहाणी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं ते 'कॅप्टन'. गावाबाहेर त्याची घोडेस्वारी शिकवायची शाळा होती. तो कुठल्या सैन्यात होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मिशा सैन्यातल्या होत्या. थोडे पैसे आत्ता, उरलेले तीन महिन्यांत, असं ठरलं. कागद मी लिहिला. पूर्ण पैसे मिळेपर्यंत घोडी बाईंचीच. न मिळाल्यास ती परत न्यावी आणि दिलेले पैसे वापराचं भाडं समजावं.

"खूण काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, कपाळावर पांढरा ठिपका. पुरे. माझी घोडी ओळखायला मला कागद लागतो का?"

मी तेवढंच लिहिलं. आयुष्यभर मुलांना 'सविस्तर उत्तर लिहा' म्हणून सांगणारा मी!

तीन महिने गेले, सहा गेले. कॅप्टन आज बँक बंद म्हणायचा, उद्या आजारी असायचा. पण बाईंना पैशांपेक्षा दुसरंच काही खुपत होतं. दर सहा-सात आठवड्यांनी खूर कापून नाल बदलावे लागतात, आणि त्यासाठी शहाणीला त्याने एकदाही आणलं नव्हतं. आठव्या महिन्यात त्यांनी सुनेला पाठवलं. कॅप्टनने रुमाल डोळ्यांना लावला आणि घोडी पोटशूळाने मेल्याचं सांगितलं.

दोन दिवस भट्टी पेटली नाही. तिसऱ्या दिवशी सून काही न सांगता पुन्हा तिकडे गेली आणि धावतच परत आली. मी तेव्हा तिथेच होतो.

"आई, एक तपकिरी घोडी आहे तिकडे. ठिपका नाही. पण मी जवळ गेले तर तिने माझ्या ओढणीचं टोक चघळलं."

"कुठलं टोक?"

"डावं. नेहमीचं."

बाई उठल्या. हवालदाराला घेऊन आम्ही सगळे गेलो. कॅप्टन म्हणाला, ही घोडी त्याने लांबच्या बाजारातून आणली आहे. हवालदाराने कागद वाचला, घोडीचं कपाळ पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "कागदात ठिपका आहे, घोडीला नाही. मी काय करू?"

"मावशी, वय झालं की असं होतं," कॅप्टन गोड आवाजात म्हणाला. "सगळ्या घोड्या सारख्याच दिसतात."

बाईंनी पाठ फिरवली. घरी आल्यावर मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "मास्तर, तुमची चूक नाही. मीच गर्व केला. त्याच्या शाळेत मुलांच्या आईवडिलांना बोलावतात, तो दिवस कधी आहे?"

"एकोणीस दिवसांनी," सून म्हणाली. "पण आई, उद्याच जाऊ ना. ठोके दिले की कळेलच हवालदाराला."

"उद्या तिथे कोण असेल? हवालदार आणि चार माशा. त्याने मला खोटं पाडलं ते तुमच्यादेखत. मला शंभर माणसं हवीत." आणि त्यांनी भट्टी पेटवली. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी शहाणीच्या मापाचे चार नाल आठवणीतून घडवले. ऐरणीचा आवाज ऐकून सून मला म्हणायची, "आमच्याकडे सध्या कॅप्टनचं डोकं ठोकणं चालू आहे."

त्या दिवशी मैदानाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. लाल कोट घातलेला कॅप्टन शहाणीवर बसून फेरी मारत होता. बाईंनी छोटी ऐरण सुनेच्या डोक्यावर दिली होती. ती कुंपणाशी ठेवून घेतली, चामड्याचा एप्रन बांधला, हवालदाराला शेजारी उभं केलं. घोडी समोर आली तसे त्यांनी तीन ठोके दिले.

शहाणी जागच्या जागी थांबली. डावा पुढचा पाय उचलून तिने वर धरला.

कॅप्टनने टाच मारली. ती हलली नाही. पुन्हा तीन ठोके: डावा मागचा. मागे बसलेलं कुणीतरी खुदकन हसलं. उजवा मागचा. आता सगळेच हसत होते, आणि कॅप्टन लाल कोटात तिरका होऊन आयाळीला लटकला होता. उजवा पुढचा.

"लांबच्या बाजारातली घोडी," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि माझ्या बापाची शिस्त कुठून शिकली हो?"

हवालदाराने पुढे होऊन घोडीच्या कपाळावरचे केस बोटांनी विंचरले. वर तपकिरी, मुळाशी पांढरे. आमचे एक मुख्याध्यापक केस रंगवायचे, त्यांच्या भांगाची मला आठवण झाली.

"कॅप्टनसाहेब, उतरा," हवालदार म्हणाला.

"मावशी, मी उद्याच सगळे पैसे..."

"मावशी कुणाची? मला बहीण नाही. पैसे ठेव तुझ्याकडे, रंग आणायला लागतील."

मला वाटलं, झालं. पण बाई तिथेच गुडघ्यांची कळ सोसत बसल्या. "नाल याचे आहेत. दुसऱ्याचं मी काही घरी नेत नाही. लगाम धर रे." शंभर माणसांसमोर कॅप्टनने लगाम धरला आणि बाईंनी एकेक नाल उपसून त्याच्या चकचकीत बुटांपुढे मांडला. मुद्दाम सावकाश. मध्ये पाणीसुद्धा प्यायल्या. वाढलेले खूर कापले, कानस फिरवली, आणि आपले नाल चढवत गेल्या.

उजव्या मागच्या पायाशी त्यांचा हात थांबला. कुणा अडाण्याने खिळा वाकडा मारला होता. खुराला खालपासून अर्ध्यापर्यंत उभी चीर गेली होती. त्या पायाला नाल बसण्यासारखा नव्हता. त्यांनी मान वर करून कॅप्टनकडे पाहिलं. इतका वेळ त्या मजा घेत होत्या, आता मजा संपली होती. उजव्या पुढच्या पायाला नाल ठोकून झाल्यावर एप्रनची दोरी सोडून त्यांनी तो चिरलेला खूर एप्रनमध्येच बांधला, आणि आम्ही पायी, अगदी हळूहळू घरी आलो.

चीर सांधली जात नाही. खूर वरून वाढत जातो आणि खालून थोडा थोडा कापत तिला बाहेर काढावी लागते. सात आठवड्यांनी बाईंनी पहिला काप घेतला आणि तो कागदात गुंडाळून माझ्याकडे आल्या.

"मास्तर, यावर कॅप्टनचा पत्ता लिहा."

"आत काही मजकूर?"

"काही नको. पत्ता तेवढा सुवाच्य असू दे."

"बाई, आता पुरे की. घोडी मिळाली ना?"

"घोडी माझी होती, ती मिळाली. चीर त्याची आहे, ती त्याला पोचती करायला नको?"

अशी आठ पुडकी गेली. दर वेळी मी समजुतीचे दोन शब्द बोललो आणि दर वेळी पत्ता लिहिला. चौथ्या पुडक्याच्या सुमारास कॅप्टनने सुनेकडे निरोप पाठवला की हे थांबवा, त्याची बायको टपाल उघडते आणि रोज विचारते. बाईंनी निरोप ऐकून घेतला. पुढचं पुडकं त्यांनी त्याच्या बायकोच्या नावाने पाठवलं.

शहाणी परत आल्याला वर्ष उलटून गेलं होतं. एका सकाळी मी दुकानात गेलो तर ऐरणीवर तीन ठोके पडत होते आणि शहाणीने उजवा मागचा पाय वर धरला होता. खूर सबंध होता. बाईंनी काप घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. मी सवयीने खिशातून पेन काढलं.

"ठेवा ते," बाई म्हणाल्या. काप भट्टीत टाकला आणि त्या चारांतला भिंतीवर राहिलेला नाल खाली काढला. "हा आमचा आहे."