भिंतीतला खांब

मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

शिष्यवृत्तीवर सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या समुद्रकाठच्या जुन्या शहरात आलोय. इथल्या चर्चच्या भिंतीत प्राचीन देवळाचे खांब तसेच ठेवलेत. एक आजी त्यातल्या एकाला टेकून चपलेतली वाळू झटकत होती. वाटलं, माझं शिकणंही असंच कुणाच्या तरी आधाराने उभं आहे.

बाबा गवंडी आहेत. परांचीवरून पडल्यापासून दोन महिने अंथरुणावर. पुन्हा चालतील का, हे डॉक्टरही सांगेनात. तरी निघताना म्हणाले, "तू जा. तिथलं बांधकाम बघून ये."

मी त्यांना खांबाचा फोटो पाठवला. दुपारी ताईचा निरोप आला, "घरात नीट दिसेना म्हणून बाबा स्वतःच्या पायांनी बाहेर ओट्यावर गेले! म्हणतात, तुझा खांब कललाय."