रिलीफ येईपर्यंत

सतरा वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि बहरीनला आलो. समुद्राकाठच्या एका हॉटेलात मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तेव्हा माझ्या हाताखाली सव्वीस गार्ड होते. पंचवीस सिव्हिलियन. सव्विसावा नाईक प्रल्हाद इंगळे, मेहकरकडचा, माझ्याच पलटणीतला. त्याला इथे मीच आणलं होतं. माहूज भागातल्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. तो रिक्रूट असताना त्याला ड्रिल मी शिकवली, म्हणून रिटायर झाल्यावरही मला 'उस्ताद'च म्हणायचा.

जुलैत आमच्या हॉटेलात दोन महासत्तांची बोलणी ठरली. नावं घेत नाही, पेपर वाचणाऱ्याला ती ठाऊक आहेत. दोघांकडे अणुबॉम्बची कोठारं, आणि वर्षभर त्यांची विमानं-जहाजं एकमेकांच्या अंगावर जात होती. जेवताना आम्हीही यावर बोलायचो.

"उस्ताद, हे दोघं भांडले तं मेहकरलेबी झळ लागन," प्रल्हाद म्हणाला.

मी म्हटलं, "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. पण आधी तिसरा उरला पाहिजे ना!"

तो पोट धरून हसला होता.

बोलण्यांच्या दोन दिवस आधी पाहुण्यांची सिक्युरिटी टीम आली. समुद्राकडच्या गेट फोरवर गार्डसाठी एसी केबिन होती. तिच्यामुळे कॅमेऱ्याला रस्ता दिसत नाही, म्हणून ती त्यांनी उचलायला लावली. मी उन्हाचं सांगितलं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असं उत्तर मिळालं. मग मी गेट फोरचा रोस्टर बदलला. दर अर्ध्या तासाने रिलीफ, म्हणजे बदली गार्ड. तेवढं पुरेल असं मला वाटलं.

बोलण्यांचा दुसरा दिवस. १२०० वाजता प्रल्हादने गेट फोरची पोस्ट घेतली. १२१० ला बातमी आली की दूर कुठल्याशा समुद्रावर दोघांची विमानं टक्कर होता होता वाचली. वरच्या हॉलमध्ये एक डेलिगेशन टेबलावरून उठलं. १२१५ ला पाहुण्यांच्या सिक्युरिटी चीफचा आवाज वायरलेस सेटवर आला.

"फ्रीझ. नो मूव्हमेंट."

लिफ्ट बंद, जिने बंद. इमारतीत जो जिथे आहे तो तिथेच. १२३० चा रिलीफ स्टाफ कॅन्टीनमध्ये अडकला.

मी बेसमेंटच्या कंट्रोल रूममध्ये होतो. कॅमेऱ्यांच्या स्क्रीनसमोर सिल्हेटचा करीम बसला होता. मी सगळ्या गेटना सेटवर सांगितलं, "रिलीफ लेट है. रिलीफ आने तक पोस्ट होल्ड करो."

बाहेर शेहेचाळीस डिग्री. गेट टूचा गार्ड सरळ पोर्चखाली जाऊन बसला. गेट फाइव्हचा उभ्या ट्रकच्या आडोशाला गेला. एरवी मी दोघांची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी म्हटलं, बसू देत. गेट फोरपासून चाळीस पावलांवर लॉन्ड्रीची पत्र्याची शेड होती. तिथूनही गेट दिसतं. प्रल्हाद तिथे जाईल असं मी धरून चाललो. तो गेला नाही.

१२५० ला त्याचा आवाज आला. "कंट्रोल, गेट फोर. रिलीफ?"

"आ रहा है. होल्ड."

"होल्ड. रॉजर, उस्ताद."

थोड्या वेळाने करीम म्हणाला, "सर, इसको छाँव में भेजो. कितनी देर से हिला नहीं."

"फौजी है, करीम. फौजी नहीं हिलता."

खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. बाकीच्या गेटवरचे सावली शोधत होते आणि माझा एक जवान गेटवर ताठ उभा होता. शिकवलेलं वाया गेलं नाही, असं वाटलं. आज त्या अभिमानाची मला लाज वाटते. 'प्रल्हाद, शेडमध्ये जा' एवढंच सेटवर म्हणायचं होतं. मला कोणी मनाई केली नव्हती. बाकीच्यांनी माझी ऑर्डर ऐकून आपली अक्कल वापरली. प्रल्हादला ऑर्डरमध्ये अक्कल मिसळायची नाही हे मीच शिकवलं होतं.

१३३८ ला तो स्क्रीनवर गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला.

मी धावलो. जिन्याच्या दाराशी पाहुण्यांच्या माणसाने माझ्या छातीवर हात ठेवला. "नो मूव्हमेंट." आयुष्यात पहिल्यांदा मी ऑर्डर मोडली. त्याला ढकलून बाहेर पडलो. पोचायला चार मिनिटं लागली.

प्रल्हादचं अंग तव्यासारखं तापलं होतं. घाम नव्हता. मुठीत सेट गच्च धरलेला. त्याने मला ओळखलं की नाही कोण जाणे. ओठ हलले. "रिलीफ?"

"प्रल्हाद, पोस्ट मी घेतली," मी म्हटलं. तेव्हा त्याने सेट सोडला.

१४१० ला फ्रीझ उठला. डेलिगेशन पुन्हा टेबलावर बसलं. १६५५ ला हॉस्पिटलमध्ये प्रल्हाद गेला. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी फोटोसाठी हात मिळवले. बोलणी टिकली याचं मला वाईट वाटत नाही. बॉर्डर पाहिलेला माणूस बोलणी मोडावीत असं कधी म्हणणार नाही. पण त्या फोटोकडे मला बघवत नाही.

प्रल्हादच्या बायकोला, वहिनींना, फोन मीच केला. त्या बराच वेळ रडल्या. मग विचारलं, "भाऊ, रूमवर होते का ड्युटीवर?"

"ड्युटीवर. उन्हात उभा होता. वहिनी, ऑर्डर माझी होती."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"तुमची होती?" त्या म्हणाल्या. "मंग ते कसे हालतीन?"

आता रोज सकाळी फॉल-इनला, म्हणजे हजेरीला, मी गार्डांना सांगतो, चक्कर आली, तोंड कोरडं पडलं, की पोस्ट सोडा, मला विचारू नका. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. ती तसंही सोडतात. ही ऑर्डर सव्वीस जणांत एकालाच हवी होती. नाईक प्रल्हाद इंगळे, गेट फोर.