भिंतीवरचे सासरे

सलग दोन वर्षं मी रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचो. भिंतीवर, फ्रेममध्ये, हार घालून.

मी धंद्याने सुतार. पाचवीपर्यंत शाळेची बाकं मोडली, मग बनवायला शिकलो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात सिरीयलचं शूटिंग चालायचं, तिथे प्लायच्या भिंती उभ्या करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी सिरीयलमधल्या मेलेल्या सासऱ्यांचा फोटो यायचा राहिला. कॅमेरा तयार, सून रडायला तयार, सासऱ्यांचा पत्ता नाही. माझ्या पाकिटात बँकेच्या केवायसीसाठी काढलेला पासपोर्ट फोटो होता. तोच मोठा करून आणला. जो खिळा मी ठोकला, त्यालाच मला टांगलं.

आईला कळलं तेव्हा ती मालवणीत सुरू झाली. "जित्या माणसाच्या फोटोक हार? शिकाक नाय म्हणान इतको येडो?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसली, मग तिने एकही एपिसोड चुकवला नाही.

फोटो एकच, पण कामं काय काय केली मी. सून खोटं बोलली की कॅमेरामन खालून लाईट मारायचा, माझ्या नाकाची सावली कपाळावर चढायची आणि सासरे भडकले. तिला दिवस गेले तेव्हा लाईटला पिवळा कागद लावला, सासऱ्यांनी आशीर्वाद दिला. धाकट्याने वाटणी मागितली तेव्हा ट्रॉलीवरून कॅमेरा हळूहळू माझ्या डोळ्यांपर्यंत आला, वर ढँग ढँग ढँग, आणि सासऱ्यांचं काळीज फाटलं. बाजारातली मासेवाली मला म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत लय दुःख हाय." खरं सांगायचं तर तो फोटो काढला त्या दिवशी माझी दाढ दुखत होती.

कॅमेरामन एकदा म्हणाला, "दादा, तुझं तोंड एकदम कोरं आहे. त्यावर मी काहीही लिहू शकतो." हे मी कौतुक समजून बिल्डिंगभर सांगितलं.

मग बातमी आली की सासरे मेलेच नव्हते, ते परत येणार. मला झोप लागेना. आयुष्यात पहिल्यांदा असं काही हवंसं वाटलं जे रंधा मारून मिळणार नव्हतं. आपला चेहरा आधीच लोकांच्या घरात पोचलाय, मग आपल्याला सोडून घेणार कोणाला? सरांकडे, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाकडे, जाऊन हात जोडले. ते म्हणाले, "एक टेस्ट घेऊ. दार उघडायचं, बायकोला बघायचं आणि म्हणायचं, मी आलोय. बस."

आठवडाभर मी आरशासमोर आलो आणि गेलो.

टेस्टच्या दिवशी धोतर, पांढरी दाढी, खांद्याला झोळी. सर 'ॲक्शन' म्हणाले. मी दार उघडलं, कॅमेरा ट्रॉलीवरून माझ्याकडे निघाला, आणि दाराची बिजागरी कुरकुरली. ते दार मी बसवलेलं. माझी नजर गेली सरळ बिजागरीवर.

"कट. अरे, माणूस पंधरा वर्षांनी घरी आलाय, आणि तू बिजागरी काय बघतोस?"

"सर, वरचा स्क्रू ढिला आहे."

दुसऱ्या टेकला ठरवलं, बायकोकडेच बघायचं. भुवया वर, ओठ थरथर, नाकपुड्या फुगवल्या, डोळे ओले करायला पापण्या फडफडवल्या. कॅमेरामनने मान बाहेर काढून विचारलं, "दादा, डोळ्यात भुसा गेला काय?"

तिसऱ्या टेकला सर म्हणाले, "काहीच करू नको. फोटोसारखा राहा." मी राहिलो. श्वासही घेतला नाही. सरांनी मॉनिटरवर बघितलं, बराच वेळ बघितलं. "आता मेलेला वाटतोय," म्हणाले.

सासरे परत आलेच. लेखकांनी वाटेत त्यांचा अपघात केला, चेहऱ्याचं ऑपरेशन केलं, आणि ऑपरेशनमधून दुसराच माणूस बाहेर काढला. उंच, भरदार आवाजाचा, नाटकात काम केलेला. माझा फोटो भिंतीवरून उतरवायचं काम पण माझ्याकडेच आलं. त्याच्यासाठी बिजागरीला तेल घातलं, स्क्रू पिळला. दार इतकं मऊ उघडलं की सर खूश झाले.

तो एपिसोड लागला तेव्हा मी आईच्या बाजूला बसलो होतो. म्हटलं, निदान आपली आई तरी आपल्या बाजूने दोन शब्द बोलेल. नव्या सासऱ्यांनी दार उघडलं, कॅमेरा जवळ गेला, आणि माणसाने काही न करता डोळ्यांतून एक थेंब सोडला. आईने पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "आई, बघ, ह्याच्यापेक्षा माझे डोळे जास्त..."

"गप रव," ती म्हणाली. "तो बोलता हा, तुझ्यामुळे ऐकाक येणा नाय."