कानावरची उशी

नव्या रेक्झिनचा वास आला की मला सोलापूरच्या भवानी पेठेतलं ते अरुंद दुकान आठवतं. भावाला गेम खेळायला वायरलेस हेडसेट हवा होता, पण त्यानं केसांना जेल थापलेलं, म्हणून प्रत्येक हेडसेट माझ्या डोक्यावर चढत होता. चष्मा दोघांनाही, तेव्हा काडी कुठं टोचते तेही मीच सांगायचं. चौथा, नव्या रेक्झिनच्या गाद्यांचा, कानांवर उशीसारखा मऊ बसला. बाहेरचा आवाज अडतो का बघायला भाऊ माझ्या पाठीमागं जाऊन सोबत आलेल्या मित्राशी बोलू लागला, "जुळे सोलापूरच्या स्थळाचा निरोप आला. ही नको म्हणाले, धाकटी पसंत हाय. हिला अजून सांगितलं न्हाय." मित्र हसला, "पोहे तर हिनंच केले असतील की!" मी मान वळवली नाही. हेडसेट काढून म्हटलं, "हाच घे, कायच ऐकू येत न्हाय." घरी त्यानं तो घातला, तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. तो माझ्यावर खेकसला, "ह्यातनं तर सगळं ऐकू येतंय की!" आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. "व्हय," मी म्हटलं, "सगळं." आता धाकटीचा मुलगा हेडसेट मागतोय, आणि धाकटी त्याला सांगते, मावशीलाच ने, तिला त्यातलं कळतं.