फाळक्यावरचा मोर

गाडी कागदावर माझी. ट्रक विकला तेव्हा घेतलेली, साधी, घरच्यांना नेण्या-आणण्याची. पुढे नात जळगावला कारखान्यात नोकरीला लागली आणि गाडी तिच्याकडे गेली. तिने तिचं रूपच पालटलं. स्प्रिंगा आखूड, टायर जाड, ड्रायव्हरला आवळून धरणारी खुर्ची, आणि सायलेन्सर असा की धुळ्याला देवपुरात गाडी शिरली की आमच्या गल्लीतली कुत्री आधी उठायची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, चिडायचा. मी तिच्या बाजूने. ड्रायव्हरचं रक्त आहे, म्हणायचो. हे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात असं ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, गाडी आपली, त्यांना काय विचारायचं? विषय तिथेच मिटवला.

जळगावच्या बाहेर एका माळावर हौशी पोरं मातीचा ट्रॅक आखून गाड्या पळवतात. एका रविवारी मीही गेलो, दोरीच्या अलीकडे उभा राहिलो. पहिल्या फेरीला ती बेतानं घेत होती. मला राहवेना. "दाब पोरी, दाब!" असा ओरडलो की शेजारचे वळून बघायला लागले. पुढच्या वळणाला गाडी घसरली आणि टायरांच्या भिंतीत घुसली. तोंड पार आत गेलं. पोरीला ओरखडासुद्धा नाही. ती म्हणते, तुमचा आवाज मला ऐकूच आला नाही. खरं असेल. मला मात्र तो अजून ऐकू येतो.

टोचन लावून गाडी धुळ्याला आणली. नात म्हणाली, "आबा, ट्रॅकवरचं नुकसान विम्यात बसत नाही. त्यात गाडी बदललेली. मी माझ्या पगारातून हळूहळू करीन."

"इतकी वर्षं हप्ते भरले ते काय नवसाचे होते? रस्त्यावर झालं म्हणून सांगू."

"खोट्यावर मी सही करणार नाही."

"तुझी सही मागतं कोण? गाडी माझी आहे."

 तिने उठून जळगावची बस धरली. माझ्या ओळखीच्या मिस्तरीला बोलावून मी जुनी सीटं, जुने टायर, जुना सायलेन्सर परत चढवला. स्प्रिंगा राहिल्या. ठरवलं असं होतं, की चोपडा रस्त्यावर मी चालवत होतो, नीलगाय आडवी आली, गाडी झाडावर गेली. नीलगाईला कोण विचारायला जातो?

विम्याचा सर्व्हेअर आला. तरुण, गोड बोलणारा. गाडीभोवती फिरला, फोटो काढले, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, या वयात होतं असं. डोळ्यांवर अंधारी आली असेल. आता गाडी सोडा तुम्ही."

माझी शाळा तिसरीपर्यंत. माझ्याजवळ दाखवायला प्रमाणपत्र नाही, फक्त एक गोष्ट आहे. सगळी उमर चोपड्याहून केळी भरून दिल्लीला नेली आणि गाडीला ओरखडा पडू दिला नाही. तेच हा पोरगा काढून घेत होता, तेही मी न केलेल्या अपघातापायी. नीलगाय घशातच राहिली.

"अंधारी कसली?" म्हटलं. "समोरून ट्रॅक्टर आला. केळीची ट्रॉली. त्याची बाजू सोडून माझ्या अंगावर. मी म्हणून वाचलो!"

"ट्रॅक्टर कसा होता?"

खोटं बोलणाऱ्याला नवं काही सुचत नाही, तो पाहिलेलंच उचलतो. "निळा. पळाला तेव्हा बघितलं, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मोर काढलेला. पुढे लाल ओढणी बांधलेली."

"दुसरं वाहन आहे म्हणजे पोलिसांत नोंद लागेल, नाना."

तिथून परत फिरता आलं असतं. पण तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, लागू द्या. आणि ठाण्यात जाऊन तोच मोर पुन्हा सांगितला.

तो ट्रॅक्टर मी कुठे पाहिला होता ते सांगतो. चोपड्याला केळीच्या वजनकाट्याजवळ चहाची टपरी आहे. माझे जुने सोबती तिथेच बसतात, म्हणून अजूनही मी आठवड्याला एसटीने जातो. मोराचा ट्रॅक्टर रोज काट्यावर यायचा. त्याचा ड्रायव्हर सातपुड्याच्या पायथ्याचा, पावसावर पिकणारी थोडी जमीन असलेला. भरलेली ट्रॉली एका दमात मागे घेऊन काट्यावर चढवायचा. ते भल्याभल्यांना जमत नाही. मी त्याला चहा पाजून म्हटलं होतं, हात आहे तुझ्याकडे. तिथे इतके ट्रॅक्टर येतात, आणि माझ्या तोंडात आला तो त्याचा.

पुढच्या खेपेला टपरीवर बसलो तर चहावाला म्हणाला, "आबा, त्या मोरवाला डायवरनं कळनं का? पोलीस उनात. मालकनी तेले काढी टाकं."

"काय करं तेनी?"

"तुम्हीच माले इचारतस? तुमले पाडं ना तेनी! बठ्ठा काटा म्हनस, आबासारखा मानूसना अंगवर घाली दिनं. आते तेले कोन्ही ट्रॅक्टर देत नही."

चारपाच जण माझी बाजू घेऊन त्या काम गेलेल्या पोराला शिव्या देऊ लागले. चहा संपेस्तोवर मी ऐकून घेतल्या. ऐकून घेतल्या हे लिहितानाही मान वर होत नाही.

नातीला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मी रजा टाकते, आबा." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. घरासमोर तो कुंपणाच्या काट्या बांधत होता. मला बघून उठला, खाट टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"आबा, मी ठाण्यात हेच सांगितलं," तो म्हणाला, "आबा खोटं बोलणार नाहीत. दुसरा कोणी मोरवाला असेल, त्यांची बघण्यात चूक झाली असेल. पण मालक ऐकत नाही."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

"बघण्यात चूक नाही," म्हटलं. "ट्रॅक्टर नव्हताच."

"मग गाडी?"

नातीने सांगितलं, "मी फोडली, दादा. ट्रॅकवर."

त्याची बायको दारातून म्हणाली, "मग आमचं नाव का घेतलं?" त्याने तिला गप्प केलं नाही. मी तांब्या खाली ठेवला. मग तो म्हणाला, "ठाण्यात सांगा, विमावाल्याला सांगा. पण आधी काट्यावर सांगा. ठाण्यातलं कोण ऐकतं? काम काट्यावर मिळतं."

बाकी सगळं मी केलं असतं. विमा सोडला असता, फौजदाराच्या शिव्या खाल्ल्या असत्या. त्या टपरीवर मात्र मी सगळी उमर ताठ बसलो होतो. बसमध्ये नातीला म्हटलं, "मालकाला बाजूला घेऊन सांगितलं तर?"

"आबा, नाव घेतलं तेव्हा त्याला बाजूला घेतलं होतं का?"

काटा माणसांनी भरलेला होता, तो ड्रायव्हरही येऊन उभा होता. मी उभा राहून सांगितलं. ट्रॅक्टर नव्हता, रस्ता नव्हता, मी गाडीत नव्हतो. याच्यावर मी खोटा आळ घेतला.  मग हमालांतला एक म्हणाला, "म्हंजे आबानी अपघात न करताच माणूस उडवला!" सगळे हसले. ज्याला उडवलं तो हसला नाही.

मोराच्या ट्रॅक्टरचा मालक म्हणाला, "आबा, मी दुसरा ड्रायव्हर ठेवला. आता त्याला कुठल्या तोंडाने काढू?" बरोबर होतं. एका केळीवाल्याने आपला जुना ट्रॅक्टर रोजावर देऊन बघतो म्हटलं. नुसतं बघतो.

ठाण्यात साहेब खूप बोलले, जबाब पुन्हा लिहून घेतला. क्लेम मागे घेतला. सर्व्हेअर फोनवर म्हणाला, "नाना, स्प्रिंगा बघूनच मला शंका आली होती." म्हणजे पैसे तसेही मिळणार नव्हते. मोर फुकट गेला असं मनात आलं, आणि आपल्या मनाची लाज वाटली.

तो आता जुनाट, धुरकट ट्रॅक्टर चालवतो, तोही रोज मिळतोच असं नाही. ट्रॉली अजून एका दमात चढवतो. मी टपरीवर असलो तर मान हलवतो, पण चहाला थांबत नाही. मोराच्या ट्रॅक्टरवरचा नवा पोरगा तीनतीनदा मागेपुढे करतो आणि काट्यावरचे सगळे त्याला हसतात. मी फाळक्याकडे बघत नाही.

नातीने गाडी पगारातून उभी केली. परवा पुन्हा ट्रॅकवर नेली, मलाही नेलं. दोरीशी उभा राहिलो, दोन्ही हातांनी दोरी धरून. उतरल्यावर तिने विचारलं, "आबा, आज ओरडला नाहीत?"

म्हटलं, "बघत होतो."